काचेवरचे शंभर नॅनोमीटर: मॅग्नेशियम फ्लोराइडच्या प्रकल्प नोंदी, कोल्हापूर

३ जुलै
विषय ठरला. मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ थर देऊन काचेचं परावर्तन कमी करायचं. यादीत चार विषय होते, त्यातले तीन झिंक ऑक्साइडचे. कोल्हापुरात एम.एस्सी. फिजिक्स करायचं म्हटलं की थिन फिल्मशी गाठ पडतेच, पण झिंक ऑक्साइडच्या वाटेनं इतके सिनिअर गेलेत की तिथं गवतसुद्धा उगवणार नाही. म्हणून आम्ही दोघींनी हा घेतला. खरं कारण सरांना सांगितलं नाही. माझ्या आजोबांचा, अप्पांचा, बिंदू चौकाजवळ फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या कपाटात दोन भिंगं आहेत. एकाच्या काचेवर जांभळी झाक आहे, दुसऱ्याच्या नाही. ती झाक कसली, हे लहानपणापासून विचारायचं राहिलं होतं.

५ जुलै
कागदावरचं काम. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५२ धरला तर सरळ पडलेल्या प्रकाशातला ४.२६ टक्के भाग पहिल्याच पृष्ठभागावरून मागे फिरतो. एका काचेला हे काहीच वाटत नाही. अप्पांच्या जुन्या भिंगात चार काचा आहेत, मागच्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या. म्हणजे हवा आणि काच एकमेकांना सहा ठिकाणी भेटतात. सहा वेळा ४.२६ टक्के गेले की उरतात ७७. शिवाय गेलेला प्रकाश मुकाट्यानं जात नाही, तो आतल्या आत टोलवाटोलवी करून फिल्मवर नको तिथं पडतो. अप्पा याला “काळं पांढरं होतंय” म्हणतात. खिडकीपुढं नवरीला बसवलं की तिचे केस राखेसारखे यायचे म्हणे.

उपाय सोपा आहे. थराच्या आत शिरल्यावर प्रकाशाची जी तरंगलांबी होते, तिच्या पाव भागाइतका थर काचेवर द्यायचा. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरी मग उलट पावलं टाकत येतात आणि एकमेकींना खोडतात. पूर्ण खोडायच्या असतील तर थराचा अपवर्तनांक काचेच्या अपवर्तनांकाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.२३ लागतो. इतका कमी अपवर्तनांक असलेला आणि पुसला तरी टिकणारा भरीव पदार्थ मिळत नाही. मॅग्नेशियम फ्लोराइडचा १.३८. त्यानं ४.२६ चे १.२६ होतात.

हिरव्या प्रकाशाच्या ५५० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी जाडी: ५५० भागिले (४ गुणिले १.३८), म्हणजे ९९.६. शंभर नॅनोमीटर म्हणू.

६ जुलै
भावकीतल्या बाकीच्या फ्लोराइडांचं काय, असं पार्टनरनं विचारलं. क्रायोलाइटचा अपवर्तनांक आणखी कमी, १.३५ च्या आसपास. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला बॉक्साइटच्या खाणी आहेत, त्यामुळं हे नाव शाळेपासून ऐकलेलं. बॉक्साइटमधून निघालेलं अ‍ॅल्युमिना विरघळवायला अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीत तेच वापरतात. पण ते मऊ आणि पाण्याला भिणारं. कॅल्शियम फ्लोराइड, म्हणजे फ्लुओराइट, १.४३ आणि कठीणपणाच्या मोजपट्टीवर ४ वर बसलेलं. लिथियम फ्लोराइड १.३९, अतिनील प्रकाशात सगळ्यांच्या पुढं, पण ओलाव्यापुढं नाजूक. कमी अपवर्तनांक आणि पुसण्याची सहनशक्ती या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी हव्या असतील तर निवड झालेलीच आहे.

वहीत असू द्यावं म्हणून: वितळणबिंदू १२६३ अंश सेल्सिअस. घनता ३.१५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. स्फटिक रुटाइल या खनिजाच्या घडणीचा, चतुष्कोनी, म्हणून प्रकाशाचे दोन किरण करतो (१.३७८ आणि १.३९०). पाण्यात एका लिटरला ०.१३ ग्रॅम विरघळतं. साधारण १२० नॅनोमीटरच्या अतिनीलपासून आठेक मायक्रॉनच्या अवरक्तापर्यंत पारदर्शक. निसर्गात सेलाइट या नावानं सापडतं. इटलीचे क्विंतिनो सेल्ला राजकारणी होते आणि खनिजशास्त्रज्ञही, त्यांच्यावरून ते नाव.

१० जुलै
पदार्थ आपणच बनवू, असा उत्साह मला आला. मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात सोडियम फ्लोराइडचं द्रावण थेंबथेंब सोडलं. पांढरा साका बसेल असं वाटलं होतं, तयार झाली साबुदाण्याच्या पेजेसारखी लगदी. फिल्टर पेपरमधून दिवसभरात चार चमचे पाणी उतरलं. सर बघून गेले, म्हणाले, “सोडियम धुऊन निघालं का ते कसं ठरवणार? नाहीतर सोडियम आणि मॅग्नेशियमचं एकत्र फ्लोराइड होऊन बसेल.” आमच्याकडं उत्तर नव्हतं.

सोडियम फ्लोराइड विषारी आहे. हातमोजे घातले होते, बाटलीला कुलूप, ग्लासवेअर वेगळं. या प्रकल्पात कुठल्याही फ्लोराइडवर ॲसिड ओतायचं नाही, हे भिंतीवर लिहून लावलं. हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार झालं तर ते कातडीतून आत शिरून हाडातल्या कॅल्शियमपर्यंत जातं, आणि सुरुवातीला दुखतही नाही.

१७ जुलै
कोटिंग युनिटवर पहिला दिवस. यात हवा काढून टाकायची, पदार्थ तापवून त्याची वाफ करायची आणि ती काचेवर बसू द्यायची. युनिट माझ्यापेक्षा वयानं मोठं. काचेची घंटा, म्हणजे बेल जार, खाली रोटरी पंप आणि तेलाचा डिफ्यूजन पंप. प्रयोगशाळेतले मामा हेच त्याचे खरे मालक. त्यांचा पहिला प्रश्न, “रोटरीचं तेल बघितलं का?” आम्ही नाही म्हटलं. “मग काय बघितलं?”

आधी रोटरीनं हवा ओढायची. डिफ्यूजन पंपाचं तेल तापायला पाऊण तास. तोवर त्याच्या अंगाभोवती गार पाणी फिरत राहिलं पाहिजे. मग मोठा व्हॉल्व्ह उघडायचा आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा मिलिबारच्या लाखाव्या भागापर्यंत येईतो वाट बघायची. सकाळी नऊला सुरू केलं, दुपारी एकला काटा आला.

आमची घरची पावडर मॉलिब्डेनमच्या बोटीत भरली होती. बोट म्हणजे पत्र्याची बोटभर होडी, तिच्यातून शंभरावर अँपिअर वीज सोडून तापवायची. बोट लाल झाली आणि पावडर उडायला लागली, ज्वारीच्या लाह्या फुटतात तशी. आतला ओलावा एकदम बाहेर पडला. काचांवर थर बसायच्या ऐवजी पांढरे ठिपके. मामा म्हणाले, “हूं. आता घंटा कोण घासणार?”

आम्हीच घासली. घरच्या पावडरीचा नाद तिथंच सुटला. वितळवून गार केलेले खडे विकत मागवले.

२४ जुलै
पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली. नदीकाठचं पंपिंग स्टेशन पाण्यात गेलं, म्हणून शहराचं पाणी बंद. नदी घराच्या दारात आणि नळ कोरडा, हे कोल्हापूरला नवीन नाही. पण डिफ्यूजन पंपाला गार पाणी मिळणार नाही म्हणून माझा प्रयोग बंद, हे मला नवीन होतं. टाकीतलं उरलेलं पाणी वापरू का, असं मामांना विचारलं. त्यांनी नुसतं बघितलं. हॉस्टेलच्या मुली त्या टाकीवर होत्या.

२७ जुलै
पाणी नाही, वाचन चालू. जर्मनीत जेना इथल्या झाईस या भिंगांच्या कंपनीत अलेक्झांडर स्माकुलानं १९३५ साली परावर्तन मारणाऱ्या थराचं पेटंट घेतलं. युद्धाच्या काळात हे तंत्र दुर्बिणी आणि पाणबुड्यांच्या पेरिस्कोपमध्ये शिरलं, आणि साध्या कॅमेऱ्यापर्यंत नंतर आलं.

हे वाचताना एक गोष्ट लक्षात आली. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतःचा कॅमेरा घडवला तो याच्या कितीतरी आधी. ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात उभी राहिली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, तीही आधीच. म्हणजे त्या काळात कोल्हापुरात जे काही चित्रित झालं ते सगळं उघड्या, विनाथराच्या काचांतून. त्या कॅमेरामननी दिवा कुठं ठेवायचा आणि भिंगावर सावली कशी धरायची, हे किती जपून केलं असेल! पुढची पिढी हे काम शंभर नॅनोमीटरवर सोपवून मोकळी झाली.

हबल दुर्बिणीच्या मुख्य आरशावरही हेच फ्लोराइड आहे, पण काम वेगळं. आरशावर ६५ नॅनोमीटर अ‍ॅल्युमिनियम आणि त्यावर २५ नॅनोमीटर मॅग्नेशियम फ्लोराइड. इथं परावर्तन कमी करायचं नाही, राखायचं आहे. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइड चढतं आणि ते दूरचं अतिनील गिळतं. हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची रेषा आरशावरून परत यायला हवी तर वर असं पांघरूण पाहिजे की जे ऑक्सिजनला अडवेल पण त्या रेषेला अडवणार नाही. अशी पांघरुणं मोजकीच आहेत.

२ ऑगस्ट
पाणी आलं. खडे आले. पहिला खरा रन.

या वेळी शिस्तीत. स्लाइड साबणानं, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं, मग ॲसिटोननं धुतल्या. बोटीत खडे टाकून शटर बंद ठेवून हळूहळू वितळवले. खडा बसला, कडा गोल झाल्या, नारिंगी उजेडात थेंब दिसला. शटर उघडलं. क्वार्ट्झ मॉनिटरवर आकडा चढायला लागला, सेकंदाला सात-आठ अँगस्ट्रॉम (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर). १००० अँगस्ट्रॉमला शटर बंद.

स्लाइड बाहेर काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. जांभळी दिसायला हवी होती. दिसली पिवळट तपकिरी, जुन्या पुस्तकाच्या कडेसारखी. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर पारगमनाचा, म्हणजे आरपार जाणाऱ्या प्रकाशाच्या आलेखाचा, माथा ४७५ नॅनोमीटरवर. म्हणजे थर पातळ.

सर आले. स्लाइड बघितली, मॉनिटर बघितला आणि विचारलं, “हा मॉनिटर जाडी मोजतो की वजन?”

आम्ही जाडी म्हणालो. ते खुर्ची ओढून बसले, तेव्हाच कळलं की चुकलं. मॉनिटरमध्ये ६ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक थरथरत असतो. त्याच्यावर पदार्थ साचला की वारंवारता उतरते. त्याला कळतं ते इतकंच, की अंगावर किती वजन चढलं. त्या वजनाला आपण दिलेल्या घनतेनं भागून तो जाडीचा आकडा दाखवतो. मशीनवर आमच्या आधी कुणीतरी अ‍ॅल्युमिनियमचा थर दिला होता आणि घनता २.७० तशीच राहिली होती. हिशोब केला: १०० गुणिले २.७० भागिले ३.१५ म्हणजे ८५.७ नॅनोमीटर. त्याला ४ गुणिले १.३८ नं गुणलं की ४७३. स्पेक्ट्रम सांगत होता ४७५.

चुकीचा आकडा इतका बरोबर जुळला की दोघींना आनंदच झाला. सरांना झाला नाही.

७ ऑगस्ट
घनता ३.१५. दुसरा रन. काच गार, म्हणजे खोलीच्याच तापमानाला. आता तरी जांभळी येईल म्हणून बघितलं तर मोरपिसासारखी निळी. तासाभरात मोजलं, माथा ६९५ वर, पारगमन ९५.२ टक्के.

हे समजेना. थर जाड कसा झाला? त्याहून वाईट म्हणजे पारगमन फार चांगलं आलं. भरीव थर एका बाजूला दिला तर ९४.६ च्या वर जायलाच नको. साध्या स्लाइडचं ९१.८ येतं, म्हणजे उपकरण बरोबर आहे.

८ ऑगस्ट
तीच स्लाइड, तेच उपकरण. माथा ६९५ वरून ७२० वर. पारगमन ९४.७. रात्रभर स्लाइड डबीत होती, आणि बाहेर पाऊस.

संध्याकाळी ग्रंथालयात उलगडा झाला. गार काचेवर येऊन पडलेल्या मॅग्नेशियम फ्लोराइडच्या रेणूला सरकायला उष्णता मिळत नाही. पडला तिथंच बसतो. त्यामुळं थर उसाच्या फडासारखा वाढतो, उभे दांडे आणि मध्ये फटी. भरीव भाग पाऊणच, बाकी रिकामं. वजन तेवढंच पण जागा जास्त व्यापलेली, म्हणून जाडी १०० ऐवजी १३० च्या वर. मॉनिटर खोटं बोलला नव्हता, त्यानं वजन सांगितलं होतं. पहिला रनही गार काचेवरचाच, मग त्याचा थर भरीव धरून केलेला हिशोब इतका कसा जुळला, हे मात्र कळलं नाही. फटींत हवा होती तोवर सरासरी अपवर्तनांक १.२९ च्या आसपास, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या १.२३ च्या जवळ. म्हणून पारगमन जास्त. मग कोल्हापूरची ऑगस्टमधली हवा आत शिरली, फटींत पाणी भरलं आणि अपवर्तनांक १.३७ कडे सरकला.

म्हणजे सगळ्यात चांगला थर आमच्या हातात एक दिवस होता.

९ ऑगस्ट
त्याच थरावर मलमलचं फडकं दहा वेळा फिरवलं. अर्धा फडक्यावर आला. चिकटपट्टी लावून ओढली, उरलेला तिच्याबरोबर गेला. हळहळ संपली.

१३ ऑगस्ट
तापलेल्या काचेवर थर दिला की रेणूला सरकायला वाव मिळतो आणि फटी बुजतात. ३०० अंशांच्या आसपास थर जवळजवळ भरीव होतो. मामांनी माळ्यावरून हॅलोजन दिव्यांचा हीटर काढला. एक दिवा गेलेला. शाहूपुरीत दोन दुकानं फिरून तसला दिवा मिळाला.

१४ ऑगस्ट
रन तीन. काच २७० पर्यंतच चढली, त्यावर थर दिला. पाच वाजले होते, उद्या सुट्टी, परवा पार्टनरला गावाला जायचं होतं. काच १४० वर असताना मी हवा सोडली. मामा लांबून “दमानं, दमानं” म्हणत होते. चारपैकी दोन स्लाइड टण्णकन तडकल्या. तिसरीवर बारीक जाळी पडली. हा थर मुळातच ताणलेला बसतो, वर गार हवेचा फटका बसला की सोसत नाही. चौथी वाचली, पण तिच्यावर कुणाच्यातरी अंगठ्याचा ठसा होता. माझाच.

२१ ऑगस्ट
रन चार. सकाळी सातला आलो. काच २७५ वर अर्धा तास धरली, थर दिला, दिवे बंद केले आणि कुणीही काहीही करायचं नाही असं ठरलं. मिसळ खाऊन आलो. काच ५० च्या खाली आल्यावर मामांनीच हवा सोडली.

जांभळी.

हिरव्या भागाचं परावर्तन मेलं की मागे येतात ते तांबड्या आणि निळ्या टोकाचे उरलेसुरले किरण, त्यांचा मिळून हा रंग. माथा ५६५ वर, पारगमन ९४.५. थोडा जाड आहे, पण चालेल. फडकं वीस वेळा, चिकटपट्टी तीन वेळा. काही झालं नाही.

२२ ऑगस्ट
माथा ५६७. आत पाणी शिरायला जागा उरलेली नाही म्हणायला हरकत नाही.

२३ ऑगस्ट
अहवालात घालायला एक हिशोब. बोटीपासून काच २० सेंटिमीटरवर. वरच्या अर्धगोलात पदार्थ सारखा पसरतो असं धरलं तर शंभर नॅनोमीटरच्या थराला ८० मिलिग्रॅम पुरतं. त्यातलं काचांवर बसतं किती? बहुतेक घंटेवर. घंटा घासणारीला हे आधीच माहीत असतं.

४ सप्टेंबर
दुसऱ्या बाजूला थर. पहिला दिलेली बाजू वर करून स्लाइड पुन्हा तापवली. दोन्ही बाजू मिळून पारगमन ९७.२. हिशोबानं ९७.५ यायला हवं होतं. ही स्लाइड आणि साधी स्लाइड शेजारी ठेवून खिडकीपुढं धरल्या. साध्या स्लाइडमध्ये माझा चेहरा आणि मागचा फळा दिसत होता. दुसरीत जांभळट सावली.

८ सप्टेंबर
दोन स्लाइड घेऊन घरी. अप्पांना दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि काच डोळ्याजवळ धरण्याऐवजी लांब, दिव्याखाली तिरकी धरली. हे मला शिकायला महिना लागला होता.

मग कपाटातून दोन्ही भिंगं आली. थर असलेल्या भिंगाच्या मधोमध झाक पुसट झालेली. “धोतराच्या सोग्यानं पुसायचो,” म्हणाले. तो थर कसा दिला होता कोण जाणे, पण पुसलेल्या जागेवर तिरका उजेड टाकला की कडेपेक्षा जास्त चमकते, ते दिसलं.

“आन् ह्याला तुझं ते लावता येतंय का?” दुसरं, जुनं भिंग पुढं करून त्यांनी विचारलं.

मी खरं तर जुलैपासून हेच मनात धरून होते. पण मागच्या दोन काचा कॅनडा बाल्समनं चिकटवलेल्या आहेत. हा झाडाचा चीक, काचेच्या जवळपास अपवर्तनांक असलेला, म्हणून जुन्या भिंगांत वापरायचे. २७५ अंश सोडाच, उकळत्या पाण्याच्या आतच तो मऊ पडतो आणि काचा सरकतात. गार ठेवून थर द्यावा तर तो फडक्यावर येणार. पुढच्या दोन सुट्या काचांना देता येईल, पण त्या उचकटताना कड तुटली तर?

हे सगळं सांगितलं. अप्पांनी भिंग कापडात गुंडाळलं. “ऱ्हाऊ दे. त्याला सावली धरायची सवय हाय.”

१२ सप्टेंबर
अहवाल टाइप करायला घेतला. सरांनी पहिल्या पानावरचं ‘थराची जाडी १००० अँगस्ट्रॉम’ खोडून ‘मॉनिटरवरील वाचन’ असं लिहिलं.

१८ सप्टेंबर
युनिट झिंक ऑक्साइडवाल्यांच्या ताब्यात द्यायचं होतं. उरलेले खडे डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा न लागू देणाऱ्या बरणीत, बोटीला तडा गेलाय म्हणून फेकली, हीटरचा एक दिवा पुन्हा गेलाय. मॉनिटरवर चिकटवायला मी चिठ्ठी लिहिली होती: ‘रन सुरू करण्यापूर्वी पदार्थाची घनता तपासावी.’ मामांनी ती वाचली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला मार्करनं लिहून लावली: ‘घनता आधी. मग तेल. मग बाकीचं.’